कोरड्या तलावातलं नाटक

बाईंचा आवाज मोठा आहे हे कळायला त्यांच्या घरात जावं लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की पुरे. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. तीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या तरणतलावावर लोकांना पोहायला शिकवलं होतं, आणि ज्याचे कान पाण्यात बुडालेत त्याच्यापर्यंत "पाय हलव!" पोचवायचं तर साधा आवाज काय कामाचा? गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. नुसतं 'बाई' म्हटलं की झालं.

त्यांचे मिस्टर घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग, हातात केसाएवढा चिमटा, आणि श्वाससुद्धा बेतानेच. बाईंनी स्वयंपाकघरातून "चहा झालाय!" म्हटलं की त्यांच्या चिमट्यातला स्क्रू उडायचा. "अगं, मी इथेच बसलोय," ते म्हणायचे, "पलीकडच्या काठावर नाही."

बाईंना पन्नाशी ओलांडून पाच वर्षं झाली आणि तलावातलं पाणी टिकेनासं झालं. संध्याकाळी भरावा तर सकाळी हातभर खाली. दोघा-तिघा ठेकेदारांनी येऊन फरश्या ठोकून पाहिल्या, एकाने सगळे सांधे नव्याने भरले, पण गळती कुठे आहे ते काही सापडलं नाही. शेवटी तलाव रिकामा केला, फाटकाला कुलूप घातलं, आणि बाईंची बदली जन्मनोंदणीच्या खिडकीवर केली. तिथे त्या दाखल्यासाठी नाव पुकारायच्या तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसंही दचकून उठायची. पण बाईंचा जीव त्या खिडकीत रमला नाही. कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. दर शनिवारी त्या जायच्या, झाडू घेऊन तलावात उतरायच्या, आणि पालापाचोळा काढून यायच्या. सांगितलं कुणी नव्हतं. विचारलंही कुणी नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाई भाजीची पिशवी घेऊन बागेतून चालल्या होत्या, तर झाडाखाली नऊ-दहा माणसं हातवारे करताना दिसली. ती हौशी नाटकमंडळी होती. दरवर्षी उन्हाळ्यात बागेत एक नाटक करायची, तिकीट नाही, पडदा नाही, येईल त्याने बसावं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक हे सगळं जमवायचे. मंडळीत दोन शिक्षिका, एक बस कंडक्टर, दातांचे डॉक्टर अशी पोटापाण्याचं सांभाळून येणारी माणसं होती. त्या वर्षी बागेलगतचा रस्ता रुंद झाला होता आणि त्यावरून दिवसभर ट्रक धावत होते. घराच्या मधोमध भिंत घालणाऱ्या दोन भावांचं नाटक होतं. भाऊ तावातावाने भांडत होते, पण दहा पावलांवर उभ्या असलेल्या बाईंना त्यातलं अवाक्षरही कळेना.

बाईंनी पाच मिनिटं कळ काढली. मग पिशवी खाली ठेवली.

"अहो, भांडताय की नवस बोलताय?"

सगळे वळून पाहू लागले. एक ट्रक तेवढ्यात गेला, तरी हे वाक्य प्रत्येकाला ऐकू आलं होतं.

"घशातून काय ओरडताय? चार दिवसांत घसा बसेल. श्वास खाली पोटात घ्या. डोकं पाण्याखाली घालायच्या आधी घेतात ना, तसा. आणि मग एकदम सोडू नका, पुरवून पुरवून सोडा." त्यांनी धाकट्या भावाचं काम करणाऱ्या कंडक्टरच्या पोटावर सरळ बोट टेकवलं. "हे हललं पाहिजे. खांदे नाही."

कंडक्टरने श्वास घेतला, आणि त्याचं वाक्य रस्ता ओलांडून पलीकडच्या सायकलवाल्यापर्यंत गेलं. सायकलवाला थांबून म्हणाला, "मला काही म्हणालात?"

औषधवाले हसत हसत पुढे आले. "बाई, उद्या याल का?"

उद्या गेल्या, परवाही गेल्या. आठवड्याभरात सगळी मंडळी पोटातून बोलू लागली. पण ट्रक ते ट्रकच. मंडळी दमून जायची. एका संध्याकाळी औषधवाले हताश होऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "यंदा नाटक बंदच ठेवावं म्हणतो."

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

किल्ली त्यांच्या पदराच्या टोकालाच बांधलेली होती. फाटक उघडून त्यांनी सगळ्यांना तलावाच्या उथळ बाजूने आत उतरवलं. तिथून जमीन हळूहळू उतरत बारा फूट खोल बाजूला जात होती, आणि पलीकडे निळ्या फरश्यांची उंच भिंत. बाईंनी कंडक्टरला त्या भिंतीपाशी उभं केलं आणि स्वतः वर काठावर गेल्या.

"बोला. हळू बोला."

कंडक्टर हळू बोलला. त्याचा शब्द न् शब्द भिंतीवर आपटून उतारावरून वर आला. ट्रकचा आवाज वरच्या वर निघून जात होता. औषधवाले उतारावर मटकन खाली बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोरचं सगळं दिसतंय. मागच्यालाही दिसेल, त्याच्या मागच्यालाही.

"अहो बाई," ते म्हणाले, "हे तर बांधलेलं नाट्यगृह आहे!"

परवानगीसाठी नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांकडे जावं लागलं. साहेब कडक इस्त्रीचे, अर्ज दोनदा वाचणारे. "रिकाम्या तलावात नाटक? कुणी पडलं तर जबाबदार कोण?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "भरलेल्या तलावात तीस वर्षं मी कुणाला बुडू दिलं नाही. कोरड्यात कोण बुडणार आहे?"

साहेबांनी त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं, का ते बाईंना कळेना, आणि सही केली.

सहा रविवार ठरले, संध्याकाळी साडेपाचला. एकच अडचण होती. दिवसभराच्या उन्हाने फरश्या तव्यासारख्या तापायच्या. म्हणून बाई दुपारी चारलाच जायच्या आणि रबरी नळीने सगळ्या तलावात पाणी मारायच्या. पहिल्या दिवशी निळ्या फरशीवरून पाणी पळत खोल बाजूला गेलं, आणि त्याच्यामागून बाईही उतार उतरून गेल्या. दोन वर्षांनी त्या तिथे पाणी पाहत होत्या.

पहिल्या रविवारी साडेचारशे माणसं आली. चटया, पाट, उशा, कुणी घरची खुर्ची डोक्यावर घेऊन. उतार भरला, काठ भरले, आणि गलका काही थांबेना. औषधवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, हात हलवले. कोण ऐकतंय! शेवटी ते बाईंना म्हणाले, "तुम्हीच सांगा बुवा."

बाई खोल भिंतीपाशी उभ्या राहिल्या. "खाली बसा!"

साडेचारशे माणसं एका दमात खाली बसली. आणि मग हशा पिकला, कारण बसल्यावर एकेकाच्या लक्षात आलं की आपण का बसलो. वरून कुणीतरी ओरडलं, "बाई, पाय पण हलवू का?"

बाईही हसल्या. त्यांना भाषण करायचं नव्हतं. पण समोर उतारावर इतके चेहरे होते, टक्कल पडलेले, चष्मे लागलेले, कडेवर मूल असलेले, की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे कोण कोण शिकलंय, बघू तरी?"

आधी पाच-सहा हात वर झाले. मग एकाचं बघून दुसऱ्याचा असं होत होत निम्म्या तलावाचे हात वर. पाठीमागे रेलिंगला टेकून इस्त्रीच्या शर्टात इंजिनिअरसाहेब उभे होते. त्यांचाही हात वर. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्यांना एकदम ओळख पटली. पंधरा दिवस शिडी न सोडणारं पोर! सोळाव्या दिवशी बाईंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर बाई गप्प होत्या. मिस्टरांनी भिंग काढलं आणि काळजीने विचारलं, "बरं नाही का?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "मोजायला जमलं नाही हो मला. इतके हात होते."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या रविवारी पाणी मारताना बाईंच्या लक्षात आलं की खोल बाजूला पाणी साचायला हवं, ते साचत नाही. त्या गुडघ्यावर बसल्या. पाणी कोपऱ्यातल्या शिडीच्या मागे, बोटभर रुंद सावलीत जात होतं आणि तिथेच नाहीसं होत होतं. बाईंनी फरशीला कान लावला. आत कुठेतरी पाणी सुळसुळत खाली उतरत होतं. शिडीचा लोखंडी पाय जिथे भिंतीत रुतला होता, त्याच्या मागेच चीर. भरलेल्या तलावात ती दिसायची नाही, आणि कोरड्या तलावात गळायची नाही. ठेकेदारांना सापडणार कशी?

बाई उठल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढचे तीन रविवार त्या चिरेत पाणी जाताना बघत राहिल्या. सांगितलं तर तलाव दुरुस्त होणार, पाणी भरणार, आणि ही मंडळी पुन्हा ट्रकच्या तोंडी. न सांगावं, तर ज्या कामात जन्म घालवला त्याच कामाला कुलूप. कात्रीत सापडल्यासारखं झालं. मिस्टरांना त्यांनी सांगितलं, तर ते म्हणाले, "बंद घड्याळ का बंद आहे हे कळल्यावर मला तरी झोप येत नाही."

सहावा प्रयोग संपला. लोक चटया गुंडाळून गेले, तसं बाईंनी मंडळींना शिडीपाशी नेलं आणि तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. कंडक्टर पटकन म्हणाला, "बाई, हे आपल्यातच राहू दे की! दुसरं असं थिएटर कुठे मिळणार?" शिक्षिकांनी माना डोलावल्या. औषधवाले त्या ओल्या चिरेपाशी वाकले.

"माझी नात सात वर्षांची आहे," ते म्हणाले. "तिला पोहता येत नाही. तिच्या वर्गात कुणालाच येत नाही." मग कंडक्टरकडे वळून म्हणाले, "पोटातून बोलायला शिकलोय ना आपण? मग कुठेही बोलू."

सोमवारी सकाळी बाई जन्मनोंदणीच्या खिडकीवर न बसता सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब त्यांच्यासोबत तलावावर आले, बूट काढून खाली उतरले, आणि शिडीच्या मागे वाकून बघत म्हणाले, "बाई, पंधरा दिवस हिलाच धरून होतो मी."

तरी सरकारी काम ते. शिडी उखडली, भिंत फोडली, आतला पाइप बदलला, यात वर्ष सरलं. आणि पाणी भरायच्या बरोबर एक महिना आधी बाई वयोमानाने निवृत्त झाल्या. लोक हळहळले. नव्या शिक्षिकेची नेमणूक झाली, ती बाईंच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. उद्घाटनाच्या सकाळी ती बाईंच्या घरी हजर. "तुम्ही आधी उतरल्याशिवाय मी कुणाला पाण्यात सोडणार नाही," तिने बजावलं. बाई आढेवेढे न घेता गेल्या. सगळ्या गावासमोर त्यांनी खोल बाजूने सूर मारला, एका श्वासात पलीकडे गेल्या, आणि काठाला हात लावून वर पाहिलं. मिस्टर काठावर हातातलं घड्याळ बघत उभे होते. "तेवीस सेकंद," ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज त्या दिवशी जरा मोठा लागला होता.

नाटकाला नवी जागा बाईंनीच शोधली, घाऊक भाजीबाजाराचं आवार. रविवारी दुपारनंतर तिथे चिटपाखरू नसतं, आणि तीन बाजूंनी गोदामांच्या भिंती. तिथे त्या उन्हाळ्यात गाढवावर चाललेल्या खटल्याचं नाटक झालं. न्यायाधीशाचं काम कुणी करावं यावर चर्चासुद्धा झाली नाही. बाईंनी "शांतता!" म्हटलं की कबुतरं उडायची. सातशे माणसं आली. तिकीट अर्थातच नव्हतं.

परवा बाई डोळे तपासायला गेल्या होत्या. खिडकीतल्या मुलीने नाव, वय लिहून घेतलं आणि विचारलं, "व्यवसाय? निवृत्त लिहिते."

"निवृत्त कशाला?" बाई म्हणाल्या. "नाटकात काम करते, तसं लिहा."

वाट बघणारी सगळी माणसं वर बघू लागली. मुलीने ते लिहिलं, आणि जरा लाजत विचारलं, "तुमच्यात यायला काय लागतं हो?"

"श्वास," बाईंनी सांगितलं. "उद्या सकाळी सहाला तलावावर या. वेळेवर या."