पाणी उजेडाला धरताना

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दुपारी मी ह्यांच्या ओठांना पाण्याचा ग्लास लावला, तर ह्यांनी मान फिरवली. नर्सला वाटलं, पाणी नको आहे. मी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." मग हे घोटभर प्यायले... सई, मिहिर, तुमचे आजोबा जाऊन आता काही आठवडे झाले. तुम्ही इतके लांब, आणि फोनवर अशा गोष्टी धड सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

लग्नानंतर माहेरचं चामराजपेट सोडून मी बळ्ळारीकडच्या एका लोखंडाच्या खाणीवर राहायला गेले. आजोबा तिथे इंजिनियर होते. खनिज धुतल्यावर उरलेला लाल गाळ आणि पाणी टेकडीच्या कुशीत एका मातीच्या बांधामागे साठवत, आणि बरोबर त्या बांधाखाली, ओढ्याकाठी, आमची वसाहत. बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपायचंच. ते नितळ असेल तर काळजी नाही. लाल आलं तर बांध आतून पोखरला जातोय असं समजायचं. पावसाळ्यात आजोबा ते पाणी रोज काचेच्या ग्लासात घरी आणत, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत आणि मला हाक मारत. त्यांचं म्हणणं, घाबरलेल्या माणसाला सगळंच लाल दिसतं, म्हणून दुसरे डोळे हवेत. माझे डोळे त्यांच्याहून घाबरलेले असत, पण मी पाहायची आणि सांगायची.

शेजारच्या गिरिजक्का दारातून विचारायच्या, "काय ग अक्का, साहेबांच्या काचेत आज काय दिसलं? देव की दैत्य?" सगळी वसाहत हसायची. मीही हसायची, आणि भांडी घासताना कान मात्र टेकडीकडे असायचे.

एका वर्षी पाऊस थांबेचना. आजोबा भर दुपारी घरी आले, ग्लास खिडकीत ठेवला. मी पाहिलं... चहात दूध कमी पडावं तसा रंग.

"लाल आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मग लेकीला घे आणि शाळेच्या चढावर जा. मी भोंगा द्यायला सांगतो."

"आणि तुम्ही?"

"बाजूचा चर उघडून पाणी उतरवायला हवं," म्हणाले, आणि बांधाच्याच दिशेने निघाले.

तुमची आई तेव्हा माझ्या कडेवर होती. भोंगा वाजला तरी लोक घाईने निघेनात. गिरिजक्का डोशाच्या अर्धवट वाटलेल्या पिठाचं पातेलं कमरेवर घेऊन आल्या. "भोंगा स्वल्प थांबला असता तर वाटून तरी झालं असतं," अशी त्यांची कुरकुर. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही उभ्या होतो, तेव्हा बांधाचा एक कोपरा खाली बसला. आवाज फार मोठा नव्हता. गाळ सावकाश, जड, आमच्या अंगणांत शिरला आणि खिडक्यांपर्यंत चढला. गिरिजक्कांनी माझा हात धरला, तो सोडलाच नाही. चराकडे गेलेली माणसं परतली तेव्हा सगळी एकाच रंगाची होती. त्यांत आजोबा कोणते, हे मला त्यांनी "अगं" म्हटल्यावर कळलं.

पुढे गिरिजक्का रोज विचारायच्या, "आज काच काय म्हणते?" तेव्हा कोणी हसत नसे.

मला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती आजोबांबरोबर जयनगरच्या या घरात राहायला आली. एकदा ओळखलं म्हणून पुढच्या वेळीही ओळखता येईल असं थोडंच आहे, असं ते म्हणायचे. नळाचं पाणीसुद्धा आधी उजेडाला धरायचे, मग माझ्याकडे बघायचे.

परवा इथे खूप पाऊस झाला. आपल्या मागच्या भिंतीच्या बुडाशी पाणी पाझरू लागलं. इथे ना टेकडी, ना बांध, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्यांच्या ग्लासात ते भरलं आणि खिडकीत ठेवलं. मला ते किंचित लाल दिसलं, पुन्हा पाहिलं तर नितळ. सई, त्याच वेळी तुझा फोन आला, म्हणून मी ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. तू हसून म्हणालीस, "आजी, पाणी आहे ते." ग्लास मी अजून हलवलेला नाही. आता फोन करशील तेव्हा पुन्हा समोर धरेन. घाई करू नकोस. रंग कसा दिसतो, तेवढं सांग.