चिंधीतला कांदा

फाल्गुनातल्या एका गुरुवारी माझी पत्नी शोभा वारली.

मी आयुष्यभर रिसोडच्या शाळेत मराठी शिकवलं. चमत्काराच्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. लोकांचे असे अनुभव वाचायचो, तेही भाषेसाठी... आता स्वतःच तसा एक लिहायला बसलोय.

दर रविवारी सकाळी आम्ही मालेगावच्या रस्त्याने सायकलवर फिरून यायचो — मी चालवायचो, ती मागे कॅरिअरवर. “मले बी शिकवा ना,” म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. बत्तीस वर्षं म्हणालो.

ऊन बाधू नये म्हणून उन्हाळ्यात ती माझ्या खिशात कांदा टाकायची. तो वाटेत हमखास पडायचा. “मास्तरले पुस्तकातलं सारं येते, एक कांदा सांभाळता येत नाई.” हे घरातच म्हणायची, चारचौघांत कधी नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी भर दुपारी एकटाच निघालो. कांदा नाही, पाणीही नाही. उन्हात काही झालं तर होऊ दे, असं मनात होतं. खोटं कशाला सांगू.

आठ-नऊ किलोमीटरवर डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा उतरलो. रस्त्यालगत भाजीचा मळा होता. लिंबाखाली एक अनोळखी म्हातारी कांदे निवडत बसली होती. तिने आधी माठातलं पाणी दिलं, मग चिंधीत बांधलेला एक कांदा पुढे केला.

“घ्या मास्तर. तुमचाच हाय.”

“माझा?”

“आता एक बाई गेली ना सायकलवर. म्हने, मागून मास्तर येऊन राह्यले, कांदा घेतला नाई त्याईनं. चिंधीत बांधून द्या म्हने, खिशातून पडते. पुस्तकातलं सारं येते म्हने, एक कांदा सांभाळता येत नाई.” म्हातारी हसली. “नवीनच शिकली वाट्टे. लय डुगडुगे. मी म्हनलं, बाई, पडशीन. तं म्हने, पडू द्या.”

मी चिंधीतला कांदा खिशात ठेवला.

रस्त्यावर आलो तर उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर एकाच सायकलचा माग होता, इकडून तिकडे झोके खात गेलेला. मी त्याच्या कडेने सायकल ढकलत चालत गेलो. एके ठिकाणी पाय टेकल्याची खूण होती. चढ संपल्यावर माग सरळ झाला, आणि तसाच सरळ मालेगावकडे गेला.

तिथून मी घराकडे वळलो.

ओळखीच्या कुणा बाईने मला निघताना पाहिलं असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण कांद्याचं ते वाक्य तर ती घरातच म्हणायची.

कांदा आता वाळून हलका झालाय. शेल्फवर, पुस्तकांपुढे असतो. चिंधीची गाठ मी सोडलेली नाही.