पहिली चव ताईंची

जुन्या शहराच्या गल्ल्यांतून पाहुण्यांना खाऊ घालत, कमानींच्या गोष्टी सांगत फिरवायचं, हे ताईंचं तीस वर्षांचं काम. प्रत्येक दुकानात पहिली चव त्यांची. त्यांनी मान डोलावल्याशिवाय पाहुण्याच्या हातात वाटी जायची नाही. पाव कच्चा निघाला तर भर गिऱ्हाइकांत बेकरीवाल्याची बिनपाण्याने हजामत व्हायची.

त्या दिवशी सूपवाल्याकडे त्यांनी चमचाभर चाखून मान डोलावली. पण पहिल्या पाहुण्याचा चेहरा पाहिला मात्र, झटकन वाट्या मागे घेतल्या. "अहो, मिठाची बरणी उपडी केलीत की काय?"

"ताई, तुम्हीच तर मान डोलावलीत!"

ताईंनी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझी चव गेली, ती गेलीच. तेव्हापासून खाणाऱ्यांची तोंडं बघून निभावतेय. चूक माझी."

आता आपल्याला कोण विचारणार, असं म्हणतच दुसऱ्या दिवशी त्या नवे पाहुणे घेऊन आल्या. सूपवाला दारातच उभा होता. हळूच म्हणाला, "मीठ मी दोनदा चाखलंय. मान तेवढी तुम्ही डोलवा."