गोळ्यांची सारखी वाटणी

औंढ्याच्या नंदाबाईचा राग नाकावर असतो, असं गाव म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला! मी तिची शेजारीण. साखरेच्या आजारानं तिच्या तळपायांची लाही होते. पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून ती भाकऱ्या थापते, हे मी रोज बघते. लावणीला चिखलात उतरली की पायात काटा गेला तरी तिला कळत नाही. पाय पहिल्यासारखे व्हावेत, एवढंच तिला हवं होतं.

पुण्याच्या एका विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर अतुल आले. समाजमंदिरात साखरेचा त्रास असलेल्या बायका जमवल्या आणि हातातला कागद वाचून दाखवला. "यादृच्छिक पद्धतीने काही सहभागींना कूटऔषध देण्यात येईल." असलं मराठी हे घरी आईशी बोलतात का? बायकांनी माना डोलावल्या, सह्या-अंगठे केले. प्रत्येकीला पायांच्या आगीवरच्या गोळ्यांची एकसारखी पांढरी डबी मिळाली.

पुढच्या खेपेला त्यांच्या नर्सनं नंदाबाईचं बीपी बघता बघता सांगून टाकलं, "मावशी, निम्म्या डब्यांत नुसत्या पिठाच्या गोळ्या आहेत. कुणाच्या, ते आम्हालाही माहीत नाही."

नंदाबाई पेटलीच. "निम्म्या बायांना फसवताय व्हय?"

त्याच दुपारी तिनं सगळ्यांच्या डब्या आपल्या ओट्यावर मागवल्या, गोळ्या सुपात ओतल्या, हातानं कालवल्या आणि सारख्या वाटल्या. आमच्याकडे सप्त्याचा प्रसादही असाच वाटतात, रिकाम्या हातानं कुणी परत जात नाही. "आता सगळ्यींला थोडं थोडं खरं," ती म्हणाली. बायका खूश झाल्या.

डॉक्टर परत आले, तर जी ती म्हणे, "थोडा फरक हाय." ते गोंधळले. तेव्हा नंदाबाईनं मोठ्या तोऱ्यात वाटणीची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "मावशी, सगळं वाया गेलं. औंढं आता या अभ्यासातून बाहेर."

"आमचं काय चुकलं?"

मग ते पहिल्यांदा माणसासारखं बोलले. "ही गोळी लागू पडते का, हे आम्हालाच माहीत नाही. तेच बघायचं होतं. नवं औषध घेतलं या समजुतीनंही माणसाला बरं वाटतं. म्हणून निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कोणती, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. मलाही सांगत नाही, नाहीतर मी ओळखीच्यांना खरी देईन. तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतात, आणि नको वाटलं तर कधीही सोडता येतं. शेवटी खऱ्या गोळीवाल्यांचे पाय जास्त निवले, तरच ते औषध. तुम्ही सगळं कालवलंत, आता कशाची तुलना करू?"

"येवढं सोपं व्हतं? मंग आदी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं, मावशी."

"सांगितलं न्हवतं. वाचलं व्हतं."

मला नंदाबाईचाही राग आला होता, विचारायचं सोडून सूप घेऊन बसली म्हणून. पण शिकलेल्या माणसानं एवढं चार वाक्यांत आधी सांगायला काय हरकत होती? नंदाबाईनं आम्हाला परत अभ्यासात घ्या म्हणून विनवलं. नियमात बसत नव्हतं.

नंतर डॉक्टरांची तशीच बैठक शेजारच्या वलवण गावात होती. न बोलावता नंदाबाई गेली, सोबत मीही. डॉक्टरांनी कागद उघडताच ती उभी राहिली.

"थांबा. बायांनो, ह्या गोळ्यांनी पाय बरं व्हत्यात का, ते ह्यास्नी ठाव न्हाई. निम्म्या गोळ्या पिठाच्या. तुमच्यावर बघनार हायेत. चालत आसंल तर बसा, आन् एकमेकींत वाटू नका. चालत नसंल तर उठा."

पाच-सहाजणी उठून गेल्या. डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी कागद मिटला आणि ते बोलायला लागले.

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं नंदाबाईला विचारलं, "तुजं पाय झालं का बरं?"

"न्हाई," नंदाबाई तडकून म्हणाली. "झालं आस्तं का, ते बी आता कुनाला कळायचं न्हाई."