भूकंप ओळखणारं विमान

आमच्या घरात लढाऊ विमान होतं. प्लॅस्टिकचं, वीतभर, पण जेट! खोक्यातले बारीक बारीक तुकडे मी स्वतः चिकटवले होते. (पंखाखालची क्षेपणास्त्रं उलटी बसली. युद्ध झालं असतं तर आपलाच पायलट गेला असता!)

भूकंपानंतर लातुरात घरोघरी ग्लासावर ग्लास उपडे रचून ठेवत. ते पडले की बाहेर पळायचं. मी कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवणारा माणूस; मला हे फारच अडाणी वाटलं. मी ग्लास उचलले, विमान दोऱ्यानं छताला टांगलं आणि घरात जाहीर केलं, “हे हललं की भूकंप!”

“ग्लासच बरे की रं,” आई म्हणाली. “आवाज तरी हुतो.”

“आई, हे शास्त्र हाय!”

पुढं माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, बघायला नांदेडहून पाहुणे आले. आधीची स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच होती, त्यामुळं आई सकाळपासून देवापुढं. त्यात लाइट गेलेली. नवरामुलगा आणि काठी टेकत आलेले त्याचे वडील, दोघंही घामाघूम. पोह्याच्या बशा हातात दिल्या आणि विमान गरागरा फिरायला लागलं!

“पळाऽऽ! इमान हाललं!” आई किंचाळली.

पाहुण्यांना कशाचा काही पत्ता नव्हता. पण आमच्याकडं पळणाऱ्याला कारण विचारत नाहीत, त्याच्या मागं पळतात. नवरामुलगा बशीसकट गल्लीत! आम्हाला बघून शेजारीपाजारीही बाहेर. सगळ्यात शेवटी सुमन आली, म्हाताऱ्यांना धरून, त्यांची काठी काखेत मारून.

जमीन मात्र जागची हलेना. तेवढ्यात माझी बायको दारात आली.

“या आता आत. लाइट आली अन् टेबल फॅन चालू झाला. भूकंप बंद केलाय मी.”

“फॅन इमानाकडं तोंड करून ठिवला कुणी?” आईनं विचारलं.

(मी! पाहुण्यांना वारा लागावा म्हणून!)

आईनं डोळ्याला पदर लावला. सुमनचा उतरलेला चेहरा बघून मला खरोखर रडू आलं. माझ्या शास्त्रापायी पोरीचं स्थळ गेलं होतं.

मुलाचे वडील अजून सुमनचा हात धरूनच होते.

“आमचं पोरगं मला सोडून पळालं,” ते म्हणाले. “हात धरला तो या लेकीनं. आपल्याला पसंत हाय!”

मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. बायकोला आत सोडून मी काय वाचवून आणलं होतं, ते साऱ्या गल्लीला दिसत होतं. तुटक्या दोऱ्यासकट विमान!

“सर, तुम्ही क्लासात काय शिकवता?”

“इतिहास,” मी म्हणालो.