प्रश्न माझा नव्हता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. पुढाऱ्यांचं, भगतांचं खोटं पत्रकांतून चव्हाट्यावर मांडणारा मी — स्वतःचं एक खोटं मात्र तीन वर्षं दाबून हिंडतो आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या रब्बीत, पारनेर तालुक्यातल्या एका गावात आम्हा विज्ञान-प्रचारकांची सभा होती. माझ्या पत्रकाचा मथळाच होता — 'विचारल्याशिवाय मानू नका!' हरभऱ्याच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणूंची भुकटी कशी चोळायची, बी सावलीतच का वाळवायचं, मुळांवर गाठी धरून पिकाला नत्र कसं मिळतं — घसा ताणून सांगत होतो. बायकांत एकट्या गयाबाई आलेल्या. आदल्या वर्षी ही भुकटी त्यांनी वापरली होती. त्या उठल्या.

"भाऊ, हरभऱ्याच्या मुळीला गाठी आल्या. शेजारच्या ओळीत करडई हुती, तिला एकबी न्हाई. मातीत, आंधारात, त्या जंतूला कळतं कसं — ही मुळी आपली, ही परकी?"

मला उत्तर येत नव्हतं. 'ठाऊक नाही' — एवढंच म्हणायचं होतं. काय गेलं असतं माझं? पण समोर सरपंच, मास्तर, सगळं गाव. मी म्हणालो, "त्याला मामलेदार कचेरीतून तार येते, मावशी!"

सभा खदखदून हसली. त्यांचा दीर सगळ्यांत मोठ्यानं. "चला वैनी, तार आली, घरी बोलावलंय!" त्या खाली मान घालून निघून गेल्या. गावानं 'तारवाली' नाव ठेवलं. पुढं आमच्या एकाही सभेला त्या आल्या नाहीत — त्याच काय, एकही बाई आली नाही.

इथंच थांबलो असतो तर नुसता उद्धट ठरलो असतो. पण — त्याच आठवड्यात तो प्रश्न मी एका प्राध्यापकांना लिहून पाठवला. माझा म्हणून. उलट टपाली चार पानं आली. प्राण्यांच्या पेशीत म्हणे अशी प्रथिनं असतात, जी दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतात. त्यानं त्या दुसऱ्याचं काम सुरू होतं, किंवा थांबतं. बाहेरचा निरोप असा हातोहात आत पोचतो. जिवाणूतही असंच काही असेल का? ठामपणे अजून कुणालाच सांगता येत नाही. आणि शेवटी — 'इतका मुळाशी जाणारा प्रश्न फार थोडे विचारतात.' हे वाक्य मी कितीदा वाचलं! मग प्रश्न आणि उत्तर, दोन्ही पत्रकात छापलं. खाली माझं नाव. त्या पत्राच्या जोरावर त्यांच्या प्रयोगशाळेत जागाही मिळवली.

परवा पारनेरच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. गयाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. लेकीनं ते छापलेलं वाचून दाखवलं, म्हणाल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसायलाच हव्या होत्या. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती.

"भाऊ, तुमी इचारलं तवा कुनी हसलं न्हाई ना?"

मी "नाही" म्हणालो.

"बरं झालं," म्हणाल्या, आणि पिशवी सावरत गर्दीत गेल्या. भोवती चार माणसं उभी होती. प्रश्न या बाईंचा आहे, हे मी तेव्हाही बोललो नाही.