खांबाला बांधलेला काटा

बैलगाडीतून पडल्यापासून माझ्या खुब्यात जोर नव्हता. सासूबाई म्हणायच्या, पाणी भरायला नको म्हणून ढोंग करते. दवाखान्यातून एक माणूस पायातला जोर मोजायला कापूस तोलतात तसला स्प्रिंगचा काटा घेऊन आला. सासूबाईंनीच त्याला शिकवून आणलं असेल, असं मला वाटलं.

त्यानं काटा हातात न धरता खांबाला बांधला. काट्याच्या आकड्याला अडकवलेला पट्टा सासूबाईंना माझ्या पायाला बांधायला लावला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"ओढा बाई. सुई मावशी बघतील. आता पुन्हा ओढा."

सुई दर वेळी मधेच, एकाच जागी थांबली.

"मुद्दाम कमी जोर लावून राह्यली ही," सासूबाई म्हणाल्या.

"मुद्दाम कमी लावलेला जोर दर बारीला सारखा जमत नाही. ढोंग असतं तर सुई दर बारीला निराळीकडं थांबली असती, मावशी," तो भिंतीलाच म्हणाला.

सासूबाईंनी खांबाची गाठ ओढून बघितली. मग घागर उचलून स्वतःच आडावर गेल्या.